अर्भकांचा अतिसार : एका अपराधसिद्धीचा इतिहास

लहान मूल जुलाबाने गेले म्हणजे त्याचे कारण आमच्या घरांतून दोन-चार ठरीव शब्दांत सांगितले जात असे. दात येत होते, दृष्ट लागली, उन्हाळा बाधला, दूध बाधले. शोक होता, नवस होते, शांती होती. नव्हती ती चौकशी. मोठ्या माणसाला संशयास्पद मृत्यू आला तर पंचनामा होतो, साक्षी नोंदल्या जातात. पाळण्यातील मृत्यूचा पंचनामा कोणी केला नाही, कारण तो कोणास संशयास्पदच वाटला नाही. मुले यावयाची आणि त्यांतील काही जावयाची, असाच जगाचा क्रम मानला गेला.

ही चौकशी पुढे कोणी व कशी केली, तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. तो वैद्यकाचा आहे, तितकाच पुराव्याचाही आहे. आणि ज्यांचा व्यवसायच पुरावा तोलण्याचा आहे, अशा आम्हांस त्याचे विशेष कुतूहल वाटते. ह्या खटल्यातील आरोपी १८८५ सालीच डोळ्यांसमोर उभा होता. तरीही त्याच्यावरील आरोप ठेवण्यास आणि सिद्ध होण्यास सत्तर वर्षे लागली. कारण एकच : अपराध्याचे रूप, नाव आणि वसतिस्थान ही तिन्ही निरपराध्यासारखीच होती.

थिओडोर एशेरिश हा जर्मन बालरोगतज्ज्ञ १८५७ साली जन्मला. १८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख ह्याने कलकत्त्यात पटकीचा जंतू शोधून काढला होता. त्याच वर्षी नेपल्स शहरी पटकीची साथ आली असता तिचा अभ्यास करण्यासाठी एशेरिश तेथे गेला. परत म्युनिकला आल्यावर त्याने एक प्रश्न हाती घेतला. तो वरवर पाहता क्षुल्लक वाटावा असा होता : निरोगी तान्ह्या मुलाच्या आतड्यात कोणते जंतू असतात? साथीच्या मागे धावणाऱ्या त्या काळात निरोगी मुलाकडे पाहावे, हीच त्याच्या बुद्धीची थोरवी. नवजात अर्भकाचा पहिला काळपट मल तपासता तो जंतुरहित आढळला; पण काही तासांतच बाहेरचे जंतू आत शिरून वस्ती करू लागतात, असे त्याने दाखविले. त्या वस्तीतील एका दंडाकृती जंतूचे त्याने १८८५ साली वर्णन केले आणि त्यास 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून', म्हणजे मोठ्या आतड्यातील सर्वसामान्य जंतू, असे नाव दिले. पुढे १९१९ साली शोधकाच्या स्मरणार्थ त्याचे 'एशेरिकिया कोलाय' असे नामांतर झाले. आज सर्वत्र 'ई. कोलाय' म्हणतात तो हाच.

त्या पहिल्या नावातच पुढील सगळ्या घोटाळ्याचे बीज होते. जो 'सर्वसामान्य' आहे, जो राजाच्या व रंकाच्या, धष्टपुष्ट व रोगट अशा प्रत्येकाच्या पोटात आहे, त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवावा कसा? कॉखच्या संप्रदायाने जंतूचा अपराध ठरविण्यासाठी कडक नियम घालून दिले होते : रोग्यांमध्ये तो जंतू सापडला पाहिजे, निरोग्यांमध्ये सापडता कामा नये, तो वेगळा वाढविता आला पाहिजे आणि त्याने पुन्हा तोच रोग उत्पन्न केला पाहिजे. ई. कोलाय दुसऱ्याच पायरीवर सुटून जाई. जुलाब होणाऱ्या मुलाच्या मलात तो असे हे खरे. पण शेजारच्या खेळत्या मुलाच्या मलातही तो असेच. १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा ह्यांनी रक्ती आवेचा जंतू शोधला, तेव्हा त्याचा अपराध लौकर मान्य झाला. कारण तो जंतू निरोगी आतड्याचा रहिवासी नव्हे. ई. कोलाय मात्र घरचाच माणूस. घरच्या माणसावर कोण संशय घेणार?

इकडे मुले मरतच होती. युरोपातील मोठ्या शहरांत दर उन्हाळ्यात बाटलीच्या दुधावर वाढणारी अर्भके जुलाबाने पटापट दगावत. अंगावर पिणारी मुले त्या मानाने बचावत. एशेरिशला ह्याची जाणीव होती. १९०२ साली तो व्हिएन्नास गेला, आणि पुढल्याच वर्षी मातांना स्तन्यपानाचे महत्त्व पटविण्यासाठी व अर्भकांच्या रक्षणासाठी त्याने तेथे एक संस्था स्थापन केली. १९११ साली तो वारला. मुलांना वाचविण्याचा एक मार्ग त्याला दिसला होता. पण मारेकऱ्यांपैकी एक जण आपणच नाव ठेवलेल्या जंतूंच्या कुळातला आहे, हे त्याच्या हयातीत सिद्ध झाले नाही. १९२० नंतर आडाम नावाच्या जर्मन वैद्याने अतिसारी अर्भकांतील ई. कोलाय काही बाबतींत निराळा दिसतो असे प्रतिपादन केले. तथापि ओळख पटविण्याचे साधन अपुरे असल्यामुळे तो पुरावा ग्राह्य ठरला नाही.

ते साधन मिळाले रक्तजलाच्या परीक्षेतून. कोणत्याही जंतूच्या पृष्ठभागावर विशिष्ट रासायनिक खुणा असतात. सशाच्या शरीरात तो जंतू टोचला असता त्याच्या रक्तजलात त्या खुणा ओळखणारी द्रव्ये तयार होतात. मग ते रक्तजल त्याच खुणेच्या जंतूंवर घातले की जंतू एकमेकांस चिकटून गोळा होतात, निराळ्या खुणेचे होत नाहीत. अंगठ्याच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्यासारखाच हा प्रकार. कोपनहेगनच्या फ्रिट्झ काउफमान ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात ह्या खुणांवरून ई. कोलायची क्रमवार वर्गवारी केली. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसणारी ही जमात प्रत्यक्षात शेकडो निरनिराळ्या घराण्यांची आहे, हे त्यामुळे उघड झाले.

१९४५ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन ब्रे ह्यांनी उन्हाळी अतिसाराच्या अर्भकांमधून एकाच खुणेचे जंतू वेगळे केले. ते आजारी मुलांत बहुतेक सर्वत्र, तर निरोगी मुलांत क्वचितच आढळले. १९४७ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अर्भकांमध्ये भयंकर साथ आली आणि आजारी पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले दगावली. जाइल्स व सँगस्टर ह्या संशोधकांना तेथेही विशिष्ट खुणांचेच ई. कोलाय सापडले. काउफमान ह्यांच्या वर्गवारीत ब्रे ह्यांच्या जंतूला १११ हा क्रमांक मिळाला. ॲबर्डीनच्या दोन प्रकारांपैकी एक तोच निघाला व दुसऱ्यास ५५ हा क्रमांक मिळाला. दोन दूरच्या शहरांत, निरनिराळ्या वर्षी, तोच ठसा! न्यायालयात ह्याहून सबळ परिस्थितिजन्य पुरावा विरळाच मिळतो. १९५२ साली अमेरिकेत प्रौढ स्वयंसेवकांनी १११ क्रमांकाचे जंतू प्राशन केले आणि त्यांना अतिसार झाला. १९५५ साली नेटर ह्यांनी ह्या घराण्यांस 'रोगकारक' ह्या अर्थाचे स्वतंत्र नाव सुचविले. अशा रीतीने आरोपीची ओळख पटली.

परंतु ओळख पटणे निराळे आणि कृत्य सिद्ध होणे निराळे. हा जंतू नेमके करतो काय? ह्या प्रश्नाचे पहिले निर्णायक उत्तर युरोपातून आले नाही. ते कलकत्त्यातून आले, आणि ते देणाऱ्या पुरुषाचे नाव आमच्या घरोघरी ठाऊक असावयास हवे होते.

शंभुनाथ दे हे हुगळी जिल्ह्यातले. जन्म १९१५ चा. पटकीने माणूस कसा मरतो हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. १९५३ साली त्यांनी एक साधी पण विलक्षण युक्ती योजिली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस दोरा बांधून बंद करावयाचा, त्यात पटकीचे जंतू सोडावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पाहावयाचे. तो तुकडा पाण्याने तट्ट फुगलेला आढळे. ह्यात महागडे यंत्र नाही, परदेशी द्रव्य नाही, केवळ बुद्धी. १९५६ साली दे, भट्टाचार्य व सरकार ह्या तिघांनी त्याच कसोटीला ई. कोलाय लावला. अतिसाराच्या रोग्यांतून मिळालेल्या काही ई. कोलायनी आतड्याचा तुकडा पटकीच्या जंतूप्रमाणेच फुगविला, काहींनी मुळीच फुगविला नाही. नाव एक, रूप एक, पण कृती भिन्न! पुढे १९५९ साली दे ह्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण असे गाळले की त्यात एकही जंतू उरू नये. त्या निर्जंतुक पाण्यानेही आतडे फुगले. म्हणजे मारतो तो जंतूचा देह नव्हे, त्याने सोडलेले विष.

हे शोध बराच काळ दुर्लक्षित राहिले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादास दे ह्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. परंतु १९८५ साली ते निवर्तले तोवर स्वदेशात एकही मोठा गौरव त्यांच्या वाट्यास आला नव्हता. आपल्या समाजाची गुणग्राहकता परदेशी शिक्क्याची वाट पाहते, ही तक्रार जुनीच आहे. येथे तर शिक्का मिळूनही ती जागी झाली नाही.

१९६८ च्या सुमारास कलकत्त्यातच अमेरिकन व भारतीय वैद्यांना पटकीची सर्व लक्षणे असलेले, पण पटकीचा जंतू नसलेले रोगी आढळले. त्यांच्या आतड्यात विषारी ई. कोलाय होता. ह्या घराण्याची विषे दोन, हे आता सर्वमान्य आहे. एक उष्णतेने नष्ट होणारे व पटकीच्या विषाचे जवळचे नातलग. दुसरे लहानसे पण उष्णतेतही टिकणारे. दोन्ही आतड्याच्या पेशीस फसवितात. पेशीची क्षार व पाणी बाहेर सोडण्याची तोटी जणू उघडीच राहते आणि शरीरातले पाणी आतड्यात वाहू लागते. आतडे कुजत नाही, जळत नाही. केवळ त्याचा हुकूम बदलला जातो.

गंमत अशी की, ह्या शोधामुळे ॲबर्डीनचा आरोपी पुन्हा संशयाच्या फायद्यास पात्र ठरू लागला! १११ व ५५ ह्या क्रमांकांच्या जंतूंमध्ये ही दोन्ही विषे सापडेनात. मग ते खरोखर अपराधी होते काय? १९७८ साली अमेरिकेतील लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साथींतील जंतू, त्यांत विष नाही ह्याची खात्री करून, स्वयंसेवकांना दिले. त्यांना अतिसार झाला. फेरसुनावणीतही निकाल कायम राहिला. कृत्याची रीत मात्र निराळी होती. हा जंतू आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतो आणि अन्नरस शोषणारी तेथील सूक्ष्म लव पुसून टाकतो. चिकटण्यासाठी तो जे करतो ते १९९७ साली कॅनडातील केनी व फिनले ह्यांनी उघडकीस आणले. सुईसारख्या नळीतून तो स्वतःचेच एक प्रथिन पेशीत घुसवितो. ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसते आणि जंतू त्यालाच धरून राहतो. चोराने स्वतःची कडी बरोबर आणावी, दुसऱ्याच्या दारास ठोकावी आणि तिलाच धरून लोंबकळावे, तसा हा प्रकार. तान्ह्या मुलांना हा जंतू विशेष घातक ठरतो.

आता जो प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, त्याकडे वळू. मूल मरते ते कशाने? बहुधा जंतूने नव्हे, विषानेही नव्हे. ते मरते पाणी व क्षार गेल्यामुळे. दोन-तीन महिन्यांच्या मुलाच्या अंगात पाणी ते किती! ते काही तासांत ओसरले की टाळू खोल जाते, डोळे आत ओढले जातात, कातडीची चिमटी घेतली तर ती तशीच राहते, रडताना अश्रू येत नाहीत. आणि नेमक्या ह्याच वेळी आमच्याकडे काय केले जाई? पाणी बंद, दूध बंद. 'पाणी दिले तर आणखी हगेल', हा समज. आयुर्वेदात अतिसारावर लंघन सांगितले आहे हे खरे. पण त्याच शास्त्रात लाजमंड व पेया ह्यांचेही पथ्य सांगितले आहे. आम्ही पहिला अर्धा शिरोधार्य मानला, दुसरा विसरलो. ज्याला तहानेने मरण येत होते त्याच्या तोंडचे पाणी आम्ही मायेने काढून घेतले.

ह्यावरील उपायाचा इतिहासही पुराव्याचाच आहे. १९५३ साली कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनी पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि शास्त्रीय उपपत्तीही नव्हती; वैद्यकविश्वाने ते मनावर घेतले नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन ह्यांनी ती उपपत्ती मांडली : आतडे साखर शोषते तेव्हा तिच्या हाताला धरून क्षारही आत येतो, आणि त्याच्यामागे पाणी येते. विषाने बाहेर सोडणारी तोटी उघडी राहिली तरी आत घेणारे हे दार शाबूत असते. १९६८ साली ढाक्यात नालिन व कॅश ह्यांनी पटकीच्या रोग्यांवर ते पडताळून पाहिले.

खरी कसोटी लागली १९७१ साली. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून येत होते. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून देण्याचे क्षारजल संपत आले. तेथे डॉ. दिलीप महालानबीस ह्यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत भरून त्यांनी ते रोग्यांच्या आप्तांच्या हाती दिले. आईने मुलाला पाजावे, भावाने भावाला. आधी शेकडा सुमारे ३० असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ वर आले. महालानबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

ह्या उपायाचे न्यायशास्त्रीय सौंदर्य आम्हांस विशेष भावते. अपराधी पटकीचा जंतू असो, ई. कोलाय असो, वा १९७३ साली सापडलेला रोटा विषाणू असो. त्याची ओळख पटेपर्यंत थांबावयाची गरज नाही. खटला चालत राहो, बालकाचे प्राण आधी राखता येतात. १९८० च्या सुमारास जगात दरवर्षी सुमारे ४६ लाख मुले अतिसाराने मरत असल्याचा अंदाज होता. आज पाच वर्षांखालील मुलांचे असे मृत्यू सुमारे साडेचार लाख आहेत. ह्या घटीचे श्रेय एकट्या मीठ-साखरेच्या पाण्याचे नव्हे. शुद्ध पाणी, पोषण, शौचकूप, लसी ह्या सर्वांचे ते आहे. पण त्या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. आणि उरलेले साडेचार लाख ही संख्याही लहान म्हणण्यास मन धजत नाही. कलकत्त्यासह आशिया व आफ्रिकेतील सात ठिकाणी झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या तीव्र अतिसाराच्या चार प्रमुख कारणांत विषारी ई. कोलाय तेव्हाही होताच, आणि अर्भकांच्या मृत्यूचा धोका वाढविणाऱ्यांत ॲबर्डीनचे घराणेही होते.

ह्या इतिहासातून आमच्या समाजाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. पहिला असा की, शुद्धाशुद्धता डोळ्यांनी ठरत नाही. आम्ही सोवळ्या-ओवळ्याचा काटेकोर विचार करणारे लोक. परंतु पाणी फडक्याने गाळले म्हणजे ते निवळ दिसते, निर्जंतुक होत नाही. त्यासाठी ते उकळावे लागते. हात पाण्याने ओले केले म्हणजे विधी होतो, पण मुलाचे ढुंगण धुतलेल्या हाताला साबण लागल्यावाचून तो हात घास भरविण्यास योग्य होत नाही. कुळावरून वा रूपावरून निरपराध्यास दोषी आणि दोषीस निरपराध ठरवू नये, कृतीवरून ठरवावे, हे तत्त्व जंतूंच्या बाबतीत सिद्ध होण्यास सत्तर वर्षे लागली. माणसांच्या बाबतीत ते आम्ही अजून पुरते अंगी बाणविले आहे असे नाही.

दुसरा बोध घरोघरीचा. जुलाब लागलेल्या मुलाचे अंगावरचे पाजणे कधीही थांबवू नये. क्षारसंजीवनीची पुडी मिळत असेल तर ती तिच्यावर सांगितलेल्या प्रमाणातच कालवावी. न मिळाल्यास एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट-घोट पाजावे. वरचे अन्न खाणाऱ्या मुलास गोमंतकातील घरोघरची मीठ घातलेली पेजही उत्तम. १९८० नंतर ढाका व कलकत्ता येथील परीक्षांत तांदळाचे क्षारमिश्रण गुणकारी ठरले आहे. शौचात रक्त असेल, मूल गळून पडले असेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

आमच्या देवस्थानांच्या समित्यांना शेवटी एक विनंती आहे. जत्रेच्या दिवसांत आपण मांडव घालता, महाप्रसादाची पंगत बसविता, चपलांसाठीही माणूस ठेवता. त्याच मांडवाच्या एका कोपऱ्यात झाकलेले उकळलेले पाणी, साबण आणि क्षारसंजीवनीच्या शंभर पुड्या ठेवाव्यात. खर्च एका समईच्या तेलाहून फार अधिक यावयाचा नाही.